अण्णांचा शब्द आणि आईचा नवस

"घ्या गं, गरम आहे तोवर!" असं अंगणातूनच ओरडत दादा आत आला. सायकल भिंतीला नीट टेकवलीही नव्हती, ती मागं धाडकन पडली. खांद्यावरच्या टॉवेलात हुरड्याचं गाठोडं, मिशीला कोंडा चिकटलेला, हाताला राखेचा वास. रात्रभर साखर कारखान्यात पाळी करून आलेला माणूस, पण चेहरा बघावा तर जत्रेतून आल्यासारखा.

"बबनच्या शेतात आगटी पेटली होती. हाक मारून बसवलंच त्यानं. म्हटलं, घरच्यांनाही न्यावा थोडा. सुवे, परात आण."

मी जागची हललेच नाही. घरात सतरंजीवर आमच्या ख्रिस्ती आळीतली दहा-पंधरा माणसं बसली होती. सगळ्यांच्या माना खाली होत्या, त्या एकदम वर झाल्या. समोर अण्णा गुडघ्यांवर होते. त्यांनी डोळे उघडले आणि आधी गाठोड्याकडं, मग दादाच्या मिशीकडं पाहिलं.

"शांतवन, तू खाल्लास?"

"खाल्ला की! दोन-चार मुठी. का हो अण्णा? आईची बातमी आली का? बरी आहे ना आई?"

शेजारच्या तबिथामावशीनं पदर तोंडाला लावला. तेव्हा कुठं दादाच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलं आहे. गाठोडं तसंच हातात धरून तो उभा राहिला.

काय झालं होतं ते सांगते. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, शेवगावच्या बाजूचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि निवृत्त झाल्यावर मंडळीचे, म्हणजे आमच्या ख्रिस्ती समाजाचे, पंच. पौलसगुरुजी म्हटलं की आसपासच्या चार गावांतली माणसं उठून सलाम करायची. माझी आई दीनाबाई तेव्हा नगरच्या दवाखान्यात होती. पोटात गाठ निघाली होती आणि त्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन होतं. तिच्याजवळ जयवंतमामा होता. अण्णा गेले नाहीत. "तिथं बाकावर बसून मी काय करू? माझी लढाई इथं आहे," म्हणाले. त्यांची लढाई म्हणजे उपास आणि प्रार्थना.

सकाळी सगळे जमल्यावर अण्णा उभे राहिले आणि हात वर करून म्हणाले, "परमेश्वरा, दीनाची बातमी येईपर्यंत माझ्या घरातलं कोणी अन्नाला शिवणार नाही. जो शिवेल त्याला मी जिवंत आहे तोवर या घरात पाऊल टाकता येणार नाही. तू साक्षी आहेस." सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले. दादा तेव्हा कारखान्यात होता. त्याला कोण कळवणार? फोन आख्ख्या गावात नव्हता. मनात आलं, रात्रपाळी करून येतो तो बिचारा उपाशीच येतो, अंघोळ करतो आणि मग भाकरी मागतो. वाटेत बबन आगटी पेटवून बसला असेल हे कुणाला माहीत?

मावशीनं दादाला हळूच सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. गाठोडं कोपऱ्यात ठेवलं, तोंड पुसलं आणि तो सगळ्यांच्या मागं गुडघ्यांवर बसला. पुन्हा प्रार्थना सुरू झाली, पण माझं लक्ष कसलं लागतंय! सारखी मागं वळून दादाकडं बघत होते. तो डोळे गच्च मिटून बसला होता आणि त्याच्या गालांवरून पाणी गळत होतं. त्याला वाटत होतं, आपल्या दोन मुठी हुरड्यानं आई जाते की काय.

संध्याकाळच्या एस.टी.नं मामा आला. फाट्यापासून पळतच आला असावा, धाप लागली होती. "गाठ काढली! शुद्धीवर आली दीनाक्का. पाणी मागितलं तिनं."

अहाहा, काय सांगू! माणसं उठून एकमेकांना मिठ्या मारायला लागली. अण्णा लहान पोरासारखे रडले. मावशीनं घरून गूळ-शेंगदाणे आणले, सगळ्यांच्या हातावर ठेवले. मीही हसत रडत होते. म्हटलं, सुटलो बाई. देवानं ऐकलं, आता कसला हुरडा आणि कसलं काय.

अण्णांनी गूळ तोंडात घातला, पाणी प्यायले, उपरण्यानं डोळे पुसले. मग दादासमोर जाऊन उभे राहिले.

"शांतवन, तुझे कपडे घे."

आधी कुणाला समजलंच नाही. मामा म्हणाला, "अहो दाजी, आता कशाला? बरी आहे ना ती?"

"देवानं त्याचा शब्द पाळला, जयवंत. मग मी माझा पाळायला नको?"

"गुर्जी, लेकराला काय ठावं हुतं?" तबिथामावशी पुढं झाली. आमच्या आळीत अण्णांपुढं तोंड उघडायची हिंमत तेवढ्या एकाच बाईत होती. "शौल राजानंबी अशीच शपथ घातली हुती का न्हाई, लढाईच्या दिवशी कुणी खायाचं न्हाई म्हून? त्याच्याच पोरानं, योनाथानानं, ती ऐकलीबी नव्हती. रानातला मध चाटला त्यानं. बाप मारायला उठला, तवा लोकांनी मधी पडून सोडीवलं त्याला. तुमीच सांगितली ही गोष्ट आमाला."

"सोडवलं," अण्णा म्हणाले. "आणि शौलाचं राज्य टिकलं का, मावशी?"

मला राहवेना. बायबलमधल्या इस्राएल लोकांच्या या गोष्टी आमच्या घरात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भानगडींसारख्या रोज बोलल्या जायच्या, त्या मला तोंडपाठ होत्या. "अण्णा, राज्य गेलं ते देवाची आज्ञा मोडून अमालेकी लोकांची गुरं राखून ठेवली म्हणून. मधापायी नाही गेलं. तुम्हीच शिकवलंत!"

"सुवार्ता, आत जा."

"पण अण्णा..."

"आत जा म्हणतो ना!"

दादानंच माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जा सुवे. अण्णांनी शब्द दिलाय, तो काय माणसाला दिलाय का?" त्याचा चेहरा अगदी शांत होता आणि त्यामुळंच मला जास्त राग येत होता. भांड ना रे बाबा, ओरड, पाय आपट! पण नाही. लहानपणापासून अण्णांनी आम्हाला एकच शिकवलं होतं, दिलेल्या शब्दाला जागायचं, आणि दादा ते शिकला होता. पिशवीत चार कपडे भरले, "सलाम अण्णा" म्हणाला आणि सायकल उचलून कारखान्याकडं गेला. तिथं एका मुकादमाच्या खोलीत राहायला लागला. तो गेल्यावर अण्णा जेवले नाहीत. उपास तर सुटला होता, पण त्यांना घास गिळेना.

आईला यातलं काही कळू दिलं नाही. दादा तिला भेटायला दवाखान्यात जायचा, हसून बोलायचा, मोसंबी न्यायचा आणि परत खोलीवर यायचा. टाके काढून तिला घरी आणायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "अशक्तपणा फार आहे. थोडं थोडं, पण वेळेवर खायला घाला. आबाळ करू नका."

ती घरी आली त्याच दिवशी दुपारी उपकारस्तुतीची सभा ठेवली होती. कुणी आजारातून उठलं की आमच्यात मंडळी जमते, गाणी होतात आणि बरं झालेलं माणूस उभं राहून साक्ष देतं, देवानं कसं वाचवलं ते. शेवगावहून पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आले होते. आई घरात शिरली आणि इकडंतिकडं बघत म्हणाली, "शांतवन कुठाय? मला उतरवून घ्यायला पण आला नाही?"

आता काय सांगायचं? मी म्हटलं, पाळी आहे. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. आईला खोटं कळायला कधी वेळ लागला नाही. तिनं तबिथामावशीला बाजूला नेलं आणि मावशीनं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आई आता रडेल. ती रडली नाही. तोंड धुतलं, धुवट पातळ नेसली आणि सभेत येऊन बसली.

गाणी झाली, प्रार्थना झाली. पाळकसाहेब म्हणाले, "दीनाबाई, द्या साक्ष."

आई माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. तिचा भार असा काही नव्हताच. आयुष्यात ती अण्णांना कधी उलटून बोलली नव्हती. चहात साखर किती हवी हेसुद्धा त्यांना विचारून स्वतःच्या कपात घालणारी बाई.

"देवानं मला वाचवलं, त्याचे उपकार," ती म्हणाली. "आता माझाही एक नवस आहे. या घरात माझा शांतवन माझ्या शेजारी बसून जेवेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. परमेश्वर साक्षी आहे."

आणि ती खाली बसली. सभेत कुणी आमेन म्हणालं नाही. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अण्णांकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, मोशेच्या नियमशास्त्रात आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. बायकोनं नवस केला आणि नवऱ्यानं ऐकला, तर त्याच दिवशी तो त्याला मोडता येतो. तिला मग दोष लागत नाही. पण त्या दिवशी तो गप्प राहिला, तर नवस कायम झाला. तुम्ही आत्ता एक शब्द बोलून टाका. बाईंची तब्येत बघा."

सगळ्यांची नजर अण्णांवर. अण्णा उठले आणि परसात जाऊन दगडावर बसले.

त्या दुपारी मी किती वेळा परसात गेले असेन! शास्त्राप्रमाणं दिवस मावळला की संपतो. अण्णा तिथंच बसून होते आणि ऊन भिंतीवरून सरकत वर चाललं होतं. पाळकसाहेब एकदा जाऊन बोलून आले. मामा जाऊन हात जोडून आला. अण्णांनी तोंड उघडलं नाही. ऊन कौलांवरून गेलं, चिमण्या झाडात शिरल्या, मावशीनं कंदील लावला, तरी ते गप्पच.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, ते मुद्दाम गप्प बसले होते! आईचा नवस त्यांनी कायम होऊ दिला होता. स्वतःचा शब्द त्यांना मोडता येत नव्हता, पण आईच्या शब्दानं तो मोडावा, असं त्यांच्या मनात होतं. मी मामाच्या गळ्यात पडले. "मामा, उद्या सकाळीच दादाला घेऊन ये. अण्णा नाही म्हणणार नाहीत बघ."

सकाळी दादा आला. दाढी करून, स्वच्छ सदरा घालून आला होता. आईनं दोन ताटं वाढायला लावली. मी पिठलं केलं होतं, भाकरी केली होती, दादाला आवडते तशी लाल मिरचीची चटणी वाटली होती. आई ताटासमोर बसली. दादा उंबऱ्यापर्यंत आला, चपला काढल्या आणि थांबला. अण्णा आत खाटेवर बसले होते.

"अण्णा, येऊ का?"

एवढंच. एक "ये" म्हणायचं होतं. अण्णांचे ओठ हलले. त्यांनी खाटेची दोरी मुठीत धरली होती. मी मनात म्हणत होते, म्हणा ना, म्हणा, म्हणा.

"पोरा," ते म्हणाले, "मी परमेश्वराला शब्द दिलाय रे."

"होय अण्णा."

"तू असाच आलास तर मी काठी घेऊन आडवा येणार नाही. पण ये असं माझ्या तोंडातून निघत नाही."

मी ओरडले, "दादा, ये की मग! आडवे नाही येत म्हणाले ना!"

दादानं मान हलवली. "त्यांच्या तोंडातून निघत नाही आणि मी पाय टाकू? माझ्यापायी त्यांचा शब्द खोटा पडायचा सुवे. आई, माफ कर." आणि तो मागं वळून अंगणाबाहेरच्या चिंचेखाली जाऊन बसला.

मी आईला म्हटलं, "तू बाहेर चल, त्याच्याजवळ बसून जेव." ती म्हणाली, "मी घरात म्हटलंय बाळा." मी कपाळावर हात मारून घेतला. काय माणसं होती ही! तिघांचाही तिघांवर जीव, आणि तिघंही आपापला शब्द कवटाळून बसलेले. मी एकटी या दारातून त्या दारात फिरत होते, आणि वाढलेली ताटं तशीच होती.

आई फक्त पाणी प्यायची. दादा रोज पाळी संपली की चिंचेखाली येऊन बसायचा, त्याला वाटायचं आज बोलावतील. आईची खाट आम्ही खिडकीशी ओढली होती, तिथून तिला तो दिसायचा. तिचे ओठ सुकले. बोलणं कमी झालं. एका सकाळी मी हाक मारली तर तिनं ओ दिली नाही. पाणी शिंपडलं तेव्हा डोळे उघडले. मी किंचाळत अण्णांकडं गेले. "जाईल ती! मग शब्द घेऊन बसा दोघं!"

अण्णा उठले. चुलीवरची पेज वाटीत घेतली आणि आईच्या खाटेशी गुडघ्यांवर बसले.

"दीना, तुझा नवस मी मोडतो. रद्द करतो."

आईनं मान वळवली. आवाज अगदी बारीक झाला होता. "तो दिवस गेला हो. त्या दिवशी तुम्ही गप्प बसलात."

"माहीत आहे."

"आता मोडलात तर दोष तुम्हाला. शास्त्रात तसंच आहे ना?"

"तसंच आहे. घेतला मी. देवापुढं उभा राहीन आणि सांगेन, हिचा काही गुन्हा नाही, सगळा माझा. तू खा."

आई त्यांच्याकडं बघत म्हणाली, "माझा दोष तुम्हाला अंगावर घेता येतो?"

"येतो."

"मग माझ्या पोराचा का नाही घेता आला हो?"

"बायकोचं लिहिलेलं आहे, दीना. पोराचं कुठं लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलेलं? मग आपण रविवारी देवळात जाऊन कुणाची गाणी म्हणतो? ज्यानं सगळ्यांचा दोष आपल्या अंगावर घेतला, त्याचीच ना?"

अण्णा रडायला लागले. आवाज करून, खांदे गदगदून रडत होते. बातमी आली त्या दिवशीही ते असे रडले नव्हते. वाटी खाली ठेवून ते उठले आणि भिंतीला धरत दारापर्यंत गेले. चिंचेखाली दादा ताडकन उभा राहिला. आई कोपरावर उठून बघत होती. अण्णा उंबऱ्यात उभे होते, दोन्ही हात चौकटीला घट्ट धरलेले, आणि दादा तिकडं उभा, मधलं अंगण एवढंसं. अण्णांनी तोंड उघडलं. गळ्यातून नुसताच आवाज आला, शब्द नाही. पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांची मान खाली गेली आणि ते परत फिरले.

येऊन पुन्हा खाटेशी बसले. "नाही गं जमत मला," म्हणाले. "साठ वर्षं झाली, दुसरं काही शिकलोच नाही मी."

आईनं डोळे मिटले. मला वाटलं, ती तोंड फिरवून घेणार आता, आणि घ्यावं असंही वाटत होतं. पण तिनं हात पुढं केला. "आणा ती पेज. तुम्ही मोडलात म्हणता तर मोडला. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही."

अण्णांनी चमच्यानं पाजली. ती एकेक घोट गिळत होती आणि प्रत्येक घोटाला तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. अर्धी वाटी झाल्यावर पुरे म्हणाली.

मी बाहेर गेले. दादा अजून उभाच होता.

"आई जेवली का गं?" त्यानं विचारलं.

"जेवली. अण्णांनी नवस मोडला तिचा."

"बरं झालं," तो म्हणाला. खरंच बरं वाटलं होतं त्याला, ते मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. "आता तिला वेळेवर देत जा, मऊ भात, वरणाचं पाणी." आणि सायकलवर बसून खोलीवर गेला.

आई बरी झाली. अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. दादा दर रविवारी देवळात त्यांच्या शेजारी बसायचा. अण्णांना दिसेनासं झालं तेव्हा गाण्याच्या पुस्तकाचं पान काढून द्यायचा, कानाशी ओळ सांगायचा आणि दोघं एका सुरात म्हणायचे. सभा संपली की त्यांचा हात धरून आमच्या अंगणापर्यंत आणून सोडायचा. अण्णा चाचपडत उंबरा ओलांडून आत जायचे. ते नीट आत गेले एवढं बघून दादा कारखान्याच्या रस्त्याला लागायचा.